ठोका ऐकण्यासाठी बेतलेली काच

हे प्राणनाथा, ऊन तुझे आणि वाराही तुझाच. त्या दोहोंना एकाच वेळी छातीवर घेत दुसऱ्याच्या दारी धावणारा जीव, तोही तुझाच. तुझ्या पायांवर मस्तक ठेवतो आणि तुझ्याच एका लेकीची गोष्ट सांगायला उभा राहतो. वाणीला तू सांभाळ, श्रोत्यांना मी सांभाळीन.

त्या परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्यांची घरोघर जाऊन शुश्रूषा करतात. येतात मोटारसायकलवरून, म्हणून सारे त्यांना फटफटी सिस्टर म्हणतात. गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की म्हातारी माणसे उशीवरून मान उचलतात, केस सारखे करतात. कुणाची जखम धुवायची, कुणाला कुशीवर वळवायचे, आणि प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा. दंडाच्या पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत, नळी कानाला लावून, पहिला ठोका टिपायचा. आकडा आपोआप दाखवणारे यंत्रही त्यांच्या पिशवीत असते. पण अडखळत चालणाऱ्या म्हाताऱ्या नाडीपुढे ते गोंधळते. तिथे कानच लागतात.

आणि कानच रुसले! त्यांची फेरी गावाबाहेरच्या उघड्या रस्त्याने जाते. झाड नाही, भिंत नाही, आडोसा नाही. हेल्मेटभोवती वारा असा घोंगावे की गाडी थांबली तरी कानांतला घोंगाट थांबत नसे. एकदा एका गवंडीआजोबांच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी हवा सोडली, भुवया आवळल्या, पुन्हा भरली, पुन्हा सोडली.

आजोबा म्हणाले, “सिस्टर, चाललंय ना माझं? का मी उगाच श्वास घेतोय?”

“तुमचं झकास चाललंय, आजोबा. माझेच कान संपावर गेलेत.”

दोघेही हसले. परतीच्या वाटेवर मात्र त्या हसत नव्हत्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितले, “अहो, मी चुकीचा आकडा कळवला तर डॉक्टर चुकीची गोळी देतील. कानांत बोळे घातले तर मागून येणारा ट्रक कळत नाही. फेऱ्या वाटून देणाऱ्या मोठ्या बाईंना सांगून आलेय, काही उपाय निघाला नाही तर ही फेरी दुसऱ्या कुणाला द्या.” एवढे बोलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. ज्या घरांना त्यांनी आपली मानली, ती घरे त्यांच्या हातून सुटत होती.

नवरा शिंपी. गळ्यात टेप आणि कानाला खडू. तो म्हणाला, “गाडीला काच लावू. वारा काचेवर आदळेल, तुझ्यावर नाही.” दोघे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. गाडी स्टँडवर उभी, सिस्टर तिच्यावर बसलेल्या, आणि शिंपीबुवांनी टेप काढून सीटपासून कपाळापर्यंत माप घेतले. “उंच घेऊ. उंच तेवढी बरी,” असे म्हणून कपाळाला भिडणारी काच बसवून घेतली.

त्या काचेने काय केले, ऐका! छातीशी येणारी झुळूक अडली, आणि काचेमागे उन्हाची भट्टी पेटली. वरच्या कडेवरून उसळलेला वारा मागे गिरकी घेऊन हेल्मेटवर कोसळू लागला. आधी वारा शिट्टी वाजवत होता, आता ढोल बडवू लागला. सिस्टर घरी आल्या त्या निथळत.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिले, मग लेकाकडे. “वा रे शिंप्या! साऱ्या वस्तीची मापं घेतोस, आणि बायकोच्या मापाला तुझी टेप आखडली?”

“आई, माप बरोबर घेतलंय मी. विचार तिला.”

“तिला काय विचारू? आधी पंचा दे तिला.”

शिंपीबुवांनी पंचा आणून दिला. आणि दुसऱ्या दिवशी ते शिलाईयंत्र सोडून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सिस्टर लांबून येताना दिसल्या. खांदे ओघळलेले, पाठ वाकलेली, मान पुढे झुकलेली. शिंप्याने कपाळावर हात मारून घेतला.

“अगं, मी चुकीच्या बाईचं माप घेतलं!”

“कोणत्या बाईचं?” सिस्टरांनी गाडीवरूनच विचारले. “नाव सांगा, सासूबाईंना कळवते.”

“दुकानातल्या बाईचं गं! गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं, हे मला पक्कं ठाऊक. तू फोटोला बसल्यासारखी ताठ बसलीस आणि मी मुकाट टेप लावली. ती बाई रस्त्यावर नसतेच. दमलेलीचं माप घ्यायला हवं होतं.”

मग सुरू झाले खरे बेतणे. काचेच्या कडेला, हेल्मेटला, सिस्टरांच्या बाह्यांना आणि छातीवर शिंपीबुवांनी रंगीत दोरे चिकटवले आणि स्वतः मागे बसले. वारा दिसत नाही, पण दोरा दिसतो. छातीवरचे दोरे मेल्यासारखे लोंबत होते, हेल्मेटवरचे वेड्यासारखे गरगरत होते. वस्तीतले लोक हसले. “सिस्टर, आज गाडीला झालर लावली का?” लावली, बाबांनो, प्रेमाचीच झालर ती!

शिंप्याने कच्ची शिवण घातल्याशिवाय पक्की घालायची नाही, हा त्यांचा नेम. काच काढून ठेवली आणि पुठ्ठ्याचे नमुने कापले, सगळे हनुवटीच्या खालचे, रस्ता वरून स्वच्छ दिसेल असे. एकेक बांधून मोकळ्या रस्त्यावर हळू फेऱ्या मारल्या. पुठ्ठा थोडा मागे कलवला आणि त्याच्याखाली बोटभर फट सोडली, तेव्हा छातीवरचे दोरे जागे झाले आणि हेल्मेटवरचे शहाण्या लेकरांसारखे मागे सरळ निजले. त्या नमुन्याबरहुकूम दुकानदाराने काच कापली.

“कापलेली परत घेणार नाही हां,” तो म्हणाला.

“परत देतंय कोण!” सिस्टर म्हणाल्या.

पुढच्या फेरीला ऊन तसेच होते, वाराही तसाच होता. पण तो आता सरळ वाहत होता. गवंडीआजोबांच्या दंडाला पट्टा बांधला. हवा सुटत गेली. सिस्टरांनी डोळे मिटले. आणि आला! स्वच्छ, अडखळता, जिवंत असा पहिला ठोका आला! दुसऱ्यांदा हवा भरावी लागली नाही.

“झालं? एकदाच?” आजोबांनी विचारले. “अहो, रडताय का? एवढं वाईट आहे का माझं?”

“नाही हो आजोबा, फार छान ऐकू आलं.”

अंगणात येऊन त्यांनी मोठ्या बाईंना फोन लावला. “बाई, फेरी माझ्याकडेच राहू द्या.” मग त्या पुढच्या घराकडे निघाल्या.

हे दयाघना, या माउलीचे कान असेच जागे ठेव. तिच्या शिंप्याच्या बोटांत बळ दे, नजरेत धार दे. त्या सासूबाईंची जीभ अशीच तिखट आणि माया अशीच गोड राहू दे. ज्या उशांवर तिची वाट पाहिली जाते, त्या उशांना शांत झोप दे. तिच्या घराच्या उंबऱ्यावर ऊन कोवळे पडो, वारा मंद वाहो, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक दिवशी आम्हां सर्वांची कृतज्ञता पोहोचो.