खोट्या खुणांचा क्वार्टरबॅक

माझ्या धाकट्या बहिणीचा, ऑड्रीचा, लेक ली सोबोट्का क्वार्टरबॅक झाला, त्याला आमच्या गावात पोरंच कमी, हे एक मोठं कारण होतं. नेब्रास्काच्या आमच्या पट्ट्यात शाळांना हातानं चेंडू फेकायच्या अमेरिकन फुटबॉलसाठी अकरा मुलं मिळत नाहीत, आठांवरच भागवतात. त्या आठांतले सात चेंडू दिसला की अंग चोरायचे. उरला ली, म्हणून संघाचा चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, तोच. पण खोटं कशाला बोलू, पोराच्या हातात जादू होती. चेंडू सुटला की तारेवरून गेल्यासारखा सरळ जायचा.

शेवटच्या वर्षी शाळेनं जिल्हा जिंकला आणि गावानं हमरस्त्यावर फलक ठोकला : ‘क्वार्टरबॅक ली सोबोट्का याचे गाव’. त्याचा बाप मिलो वर्षाकाठी दोन वाक्यं बोलणारा. त्यातलं एक त्यानं तेव्हा खर्च केलं. "रंग पक्का लावा रे."

मग ली राज्याच्या मोठ्या कॉलेजात गेला. कॉलेजनं त्याला बोलावलं नव्हतं. तो आपणहून गेला आणि त्यांनी हाकललं नाही. गावात मात्र बातमी अशी, की कॉलेजनं आपला पोरगा उचलला!

तिथे त्याच्या पुढे तीन क्वार्टरबॅक होते. तिघंही धडधाकट, कुणाला साधी सर्दी होईना. एक दिवस कोच टॅगर्ट त्याला म्हणाले, "सोबोट्का, तुझे हात लांब आहेत. तू खुणा कर."

"कुठल्या खुणा, कोच?"

"कुठल्याही."

त्याच रात्री लीचा मला फोन. "मामा, मैदानातल्या क्वार्टरबॅकला पुढचा डाव बाहेरून हातवाऱ्यांनी कळवतात. दोघं जण उभे राहतात. एकाच्या खुणा खऱ्या, माझ्या खोट्या. समोरच्यांनी फसावं म्हणून."

"मग फसतात का?"

"माझ्याकडे कुणी बघतच नाही, मामा."

तरी त्यानं ते काम मन लावून केलं. खोलीत आरशासमोर सराव करायचा. नाक चोळ, कोपर दाब, गाईची धार काढ, टोपी फिरव. एका सामन्यात त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त घरच्या जेवणाचा बेत हातवाऱ्यांनी सांगितला. संघ जिंकला.

शनिवारी अख्खं गाव डोलोरेसच्या खानावळीत टीव्हीसमोर बसायचं. पुढ्यात राजमा-खिम्याच्या तिखट चिलीचा वाडगा, बाजूला दालचिनीचा गोड रोल. कॅमेरा मैदानाच्या कडेनं फिरला की ली ओझरता दिसायचा आणि खुर्च्या मागे सरकायच्या.

"बघितलंत?" डोलोरेस पळी उगारून म्हणायची. "त्यानं नाक चोळलं आणि लगेच गुण! कोच नुसता शोभेला आहे, डोकं आपल्या लीचं."

संघ हरला तर बियाण्याचा दुकानदार गस मान हलवायचा. "आज त्याचं कुणी ऐकलंच नाही."

मी एकदा सांगून पाहिलं, की अहो, त्या खुणा खोट्या असतात. डोलोरेसनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी मुकाट्यानं चिली संपवली. ऑड्री तर दोन दिवस बोलली नाही. "सख्खा मामा ना तू? मग जळतोस कशाला?"

चौथ्या वर्षी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. गावानं बस केली. आमचा संघ एवढा पुढे होता, की शेवटच्या मिनिटाला समोरचे खेळाडूही घरी जायच्या विचारात होते. तेवढ्यात टॅगर्टनी लीच्या पाठीवर थाप मारली. काय म्हणाले ते लीनं मागाहून सांगितलं : "जा. चेंडू हातात घे आणि गुडघा टेक. फेकलास तर घरी चालत पाठवीन."

जिंकता सामना असा गुडघे टेकूनच संपवतात. घड्याळ पळतं, धोका नसतो. पण आमच्या बसला त्याचं काय! ली मैदानात पळत गेला आणि आमची रांग उभी राहिली. "फेक रे, ली! फेक!" मिलोनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. चेंडू आला. लीनं क्षणभर मान वर करून डावीकडे पाहिलं, आणि गुडघा टेकला. मग पुन्हा एकदा. सामना संपला.

गुडघा टेकला की संघ पाऊलभर मागे गेल्याचं मोजतात. म्हणजे चार वर्षांत आमचा ली जिथून निघाला होता, त्याच्याही थोडा मागेच पोचला.

परतीच्या बसमध्ये आमच्या चर्चचे फादर सिरिल उठून उभे राहिले. "एवढ्या अफाट गर्दीसमोर गुडघे टेकले पोरानं! ह्याला म्हणतात संस्कार!" फादरना खेळातलं कळत नव्हतं असं नाही. पण रविवारच्या प्रवचनाची सोय झाली होती.

चर्चच्या हॉलमध्ये सत्कार झाला. ली बोलायला उठला, त्याचे कान लाल झाले होते. "मी कधी एकही डाव सांगितला नाही," तो म्हणाला. "माझ्या हातवाऱ्यांना काही अर्थ नव्हता. मी एकही चेंडू फेकलेला नाही. तो फलक काढा, प्लीज."

डोलोरेसनं एप्रननं डोळे टिपले. "केवढा नम्र गं, ऑड्री!" आणि टाळ्यांनी छत हललं. गसनं तिथल्या तिथे जाहीर केलं, की यंदापासून मक्याच्या बियाण्याच्या पोत्यावर लीचा फोटो!

ली बाहेर पायरीवर येऊन बसला. मी त्याच्याशेजारी टेकलो.

"मामा, मी खरं सांगितलं."

"ऐकलं की."

"मग?"

"हरलेल्या संघातला असतास तर खरं वाटलं असतं, बाळा."

तो म्हणाला, "डावीकडे आपला एक जण एकदम मोकळा होता. समोर चिटपाखरू नाही."

"मग फेकायचास."

"कोचनी सांगितलं होतं ना." तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

त्या उन्हाळ्यात तो ओरेगनला निघून गेला. तिकडे एका शाळेत भूगोल शिकवतो. आपण खेळायचो हे त्यानं तिथे कुणाला सांगितलं नाही, बायकोला, रेनाटालाही नाही. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा हमरस्त्यावर तिनं कचकन गाडी थांबवली.

"हे काय? तू क्वार्टरबॅक होतास?"

"उभा असायचो."

"उभा? कशाला?"

"ते घरच्यांना विचार," तो म्हणाला.

त्यांनी तिला जेवणभर सांगितलं. सणाची भाजलेली टर्की गार झाली. मग सगळे सामना बघायला टीव्हीसमोर गेले आणि रेनाटा लीला ओढत अंगणात घेऊन गेली. "दाखव तर खरं," म्हणत तिनं त्याचा जुना चेंडू त्याच्या हातात कोंबला आणि ती कुंपणाकडे पळाली. ली म्हणाला, "आणखी लांब जा. आणखी." आणि फेकला.

मी पायरीवरून पाहिलं. तसा चेंडू मी अख्ख्या आयुष्यात पाहिला नाही. तो रेनाटाच्या ओंजळीत अलगद उतरला, आणि तिनं तो सोडला. टप्पा खाऊन चेंडू कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळला. कोंबड्यांनी एकच गिल्ला केला. ती दोघं पोट धरून हसत होती.

आतून मिलोनं त्या वर्षातलं दुसरं वाक्य खर्च केलं. "कोण धिंगाणा घालतंय तिकडे, इथे मॅच चालू आहे!"