समोरच्या खिडकीतली उशी

एप्रिलमधला दुसरा शनिवार. घरभाड्यासाठी ठरवलेली रक्कम महिना जास्तीत जास्त बाराशे युरो. हजर: मी, पत्नी माधुरी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. मला कार्ल्सरूहेत नवी नोकरी लागली होती. सध्या राहत होतो ते त्सुफेनहाउझेन सोडून तिथे कुठल्या वस्तीत राहायचं, हे एका दिवसात ठरवायचं होतं. आईला येऊन जेमतेम महिना झाला होता, तरी परतीचं तिकीट अलीकडे आण म्हणून ती मागे लागली होती. "बोलायला कुणी नाही. भिंतीशी बोलावं तर भिंतीलाही जर्मनच येतं," असं तिचं म्हणणं. तारीख बदलायला एकशेवीस युरो पडणार होते.

शांतता, भाडं, ट्राम आणि मजला यांना मी प्रत्येकी दहा गुण ठेवले होते.

पहिली वस्ती वाल्डश्टाट. चहूकडे उंच झाडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शांततेला मी दहापैकी दहा दिले. बाकावर बसून आम्ही थालीपीठांचं पुडकं सोडलं. आई दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, इथे काही झालंय का? सगळे दारं लावून बसलेत."

"आई, शांत वस्ती आहे ही."

"बरं. मग हळू चावते."

पुढे डुर्लाख. मी उलट दिशेची ट्राम पकडल्यामुळे पोचायला उशीर झाला, आणि माधुरीने ते वाटभर ऐकवलं. चौकात बाजार भरला होता. तिथे ब्रेत्झेल (वेटोळ्याचा खारा पाव) खाल्ला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई अर्ध्या जिन्यातच बसली. "घर छानच असणार. पण एकदा वर गेले, की मला खाली आणायला चौघं लागतील."

"आई, काहीतरीच काय!" म्हणत माधुरीच हसत सुटली.

शेवटी झ्यूडश्टाट. पोरांचा गलका, सायकलींच्या घंटा. शांततेला दोन गुण. घर पहिल्या मजल्यावर, काल्टमीटे (हीटिंग-पाणी सोडून भाडं) साडेअकराशे. अरुंद रस्त्यापलीकडच्या खिडकीत एक आजीबाई उशीवर कोपरं टेकून बसल्या होत्या. घरमालक ओशाळून म्हणाले, "आल्झो (म्हणजे असं की), त्या दिवसभर तिथेच असतात. सगळं बघतात. आधीच्या भाडेकरूंना ते आवडायचं नाही."

माधुरी कुजबुजली, "अहो, हा स्वतःच घराची खोट सांगतोय. भाडं कमी करायला सांगा." मी आणखी एक गुण कापला.

स्वयंपाकघर बघून आलो, तर आई आमच्या बाजूच्या खिडकीत. इकडून मराठी, तिकडून जर्मन, दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

"हिचा मुलगा लांब असतो. फक्त रविवारी फोन करतो," आईने मला सांगितलं.

"तुला कसं कळलं?"

"तिने फोन दाखवला, कॅलेंडरातला रविवार दाखवला आणि तोंड वाकडं केलं. मग मी तुझ्याकडे बोट दाखवून तसंच केलं."

समोरून आवाज आला, "गेनाऊ!" (अगदी बरोबर!)

परतीच्या गाडीत मी गुणांची बेरीज वाचून दाखवली. वाल्डश्टाट पहिलं, झ्यूडश्टाट शेवटचं. आई बाहेर बघत म्हणाली, "तसली उशी इकडे कुठे मिळते रे?"

शांततेचे दहा गुण मी नक्की कुणासाठी ठेवले होते, हे मलाच कळेना. मी कागद घडी करून खिशात घातला.

अनामतीचे, म्हणजे तीन महिन्यांच्या भाड्याचे, तीन हजार चारशे पन्नास युरो झ्यूडश्टाटच्या घरमालकांना दिले. तारीख बदलायचे एकशेवीस कुणालाच द्यावे लागले नाहीत. उशीचे अठरा आईने स्वतः दुकानदाराच्या हातावर ठेवले. मी पाकीट काढलं, तर म्हणाली, "राहू दे. उशी माझी आहे. मी पुण्याला गेले, की हिच्यावर कोपरं टेकायची नाहीत."