पोळ्याच्या मातीचा बेडूक

"मॅडम, मले आर्ट्सले जा लागते," कोमल म्हणाली आणि लॅबच्या दारातच उभी राहिली.

मी फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसत होते. मेलेले प्राणी कुजू नयेत म्हणून ते ज्यात ठेवतात, ते हे डोळ्यांना झोंबणारं पाणी. डोळे आधीच भरले होते, त्यात ही बातमी. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय असं पहिल्याच दिवशी सांगणारी अकरावीत ही एकटीच पोरगी. मेडशीहून एसटीने यायची.

"काहून गं?"

"बाबा म्हणतात, आपल्या घरी माळ हाय. बेडूक कापाचे असतील तं सायन्स नको."

कोमलचे वडील माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांची चूक नव्हती. शाळा-कॉलेजात मुलांनी प्राणी कापणं, म्हणजे विच्छेदन, कधीच बंद झालंय. आमच्या प्राचार्यांनी मात्र डेमोच्या नावाखाली एक बेडूक राखून ठेवला होता. शिक्षकाने कापायचा, मुलांनी पाहायचा. ते स्वतः जुने प्राणिशास्त्राचे. बेडूक आणून देणारा माणूसही त्यांनी शोधला होता. शाखा बदलायची शेवटची तारीख सोमवार.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे नियमातही बसत नाही. विच्छेदन दाखवणारं ॲप आहे ना."

"ॲप पाह्यलं मी. पोरं बोटानं पुढं-पुढं सरकवून राह्यले अन् झालं. हात कुठं चालला त्याच्यात? हातानं केल्याशिवाय डोक्यात जात नाही, मॅडम."

राग आला, पण मुद्दा खरा होता. ॲपवर सगळ्यांचं 'कम्प्लीट' आलं होतं आणि जठर कुठे असतं विचारल्यावर सगळे मोबाइल शोधायला लागले होते.

परत येऊन कोमलला हे सांगितलं. ती म्हणाली, "हातच चालवाचा हाय तं माती चालत नाही काय?"

पोळा नुकताच झाला होता. आमच्याकडे पोळ्याला घरोघर काळ्या मातीचे बैल करतात. ही माती वाळताना तडकते, म्हणून त्यात कापूस कुटून घालतात. हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "सोमवारी दाखवा. पटलं तं बेडूक आणत नाही. नाही पटलं तं डेमो."

शनिवारी कोमल आणि तिच्या मैत्रिणी कामाला लागल्या. मांजरीएवढा बेडूक झाला. पाठीवर झाकण, झाकणाखाली पोकळी, पोकळीत सुटे अवयव. गेरूचं यकृत, कुंकवाचं हृदय, हळदीचं जठर, वळकटी करून बसवलेलं आतडं. तळाशी मूत्रपिंडं. पुस्तक समोर उघडं ठेवून एकेक लावलं. मीही पाहून खूश झाले.

सोमवारी प्राचार्य आले. झाकण उचललं, चष्मा वर केला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"हा बसलेला काहून केला?"

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. कोमल म्हणाली, "बैल कोनी उताणा करते काय, सर?"

वर्ग हसला. प्राचार्य हसले नाहीत.

"पुस्तकातला बेडूक उताणा हाय. पोटाकडून उघडलेला. तुमी तेच चित्र पाठीतून भरलं. त्यानं याचं जठर उजव्या अंगाले गेलं. मूत्रपिंडं पाठीच्या कण्याजवळ पाह्यजेत, ते पोटाले चिकटून बसले." मग माझ्याकडे वळून, "आता समजलं, खरा बेडूक काहून लागते?"

ही चूक मला दिसायला हवी होती. पण मीही मातीचे बैल पाहतच वाढलेली.

कोमलने एका मैत्रिणीला पाठमोरी उभी केली आणि स्वतः तिच्यामागे उभी राहिली. मैत्रिणीच्या कमरेपाशी, कण्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवले. "मंजे इकडून उघडलं तं मूत्रपिंडं पहिले दिसतीन." मग डावा हात हलवला. "अन् हिचं डावं, तेच माझं डावं."

तिने सगळे अवयव बाहेर काढले आणि पुन्हा लावायला घेतले. प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेत होती. यकृत आधी चुकीच्या थराला गेलं. प्राचार्य "हं?" एवढंच म्हणाले. तिने ते उचलून खाली, पोटाकडे नेलं. जठर डावीकडे आलं. मूत्रपिंडं सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर.

"अन् खऱ्या बेडकात समजायले चुकलं असतं तं?" प्राचार्यांनी विचारलं. मला वाटतं, ते तिला अडवायला विचारत होते.

"तं दुसरा मारा लागला असता, सर."

प्राचार्यांनी कुंकवाचं हृदय उचललं, बोटांत फिरवलं आणि टेबलाच्या कडेवर आपटून त्याचे दोन तुकडे केले. कोमलचा चेहरा उतरला.

"बेडकाच्या हृदयात कप्पे किती?"

"तीन."

"यात एकही नाही. नुसता गोळा हाय. परत करा." मग बाह्या सरसावत म्हणाले, "माती उरली असन तं आणा. मी दाखवतो."

तो तास संपल्याची घंटा आम्ही कुणी ऐकली नाही. बेडूकवाल्याला प्राचार्यांनी स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं. कोमल शाखा बदलायला ऑफिसकडे फिरकली नाही. पुढचा बेडूक उताणा करायचा ठरला. पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले, त्यासाठी शेतातली चाळलेली माती पोत्यात घेऊन. नमस्कार केला, पोतं ठेवलं आणि परतीची एसटी गाठली.

नव्या शिक्षकांनी विचारलं तर मी एवढंच सांगते. मुलांना असं काहीतरी हातात द्या, जे चुकलं तर मोडून पुन्हा करता येईल. जीव तसा करता येत नाही.