सगीराभाभी आणि बिननावाचा कंडेन्सर

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत सगीराभाभीकडं पंखा दुरुस्तीला न्यायचा म्हणजे आधी तिची बोलणी खायची. "कुणी हात लावला याला? हा कंडेन्सर कुणी घातला? कचरा आहे कचरा!" असं म्हणत ती तो उपटून अंगणात भिरकावणार. पंखा असो, कूलर असो, पाण्याची मोटार असो, कंडेन्सर बसंल तर नावाजलेल्या कंपनीचाच. कुणी कुरकुरलं की तिचं ठरलेलं, "सस्ता रोए बार बार, महंगा रोए एक बार. पटत नसंल तर उचला पंखा आणि चालायला लागा." लोक मुकाट्यानं ठेवून जायचे. तिच्या हातचा पंखा परत बंद पडत नाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

ही ऐट तिनं वाळूजहून आणलेली. तिथल्या टीव्हीच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं सोल्डरिंगच्या लाइनीवर होती. कारखाना बंद पडला, बाकीच्या बायका घरी बसल्या, हिनं पुढच्या खोलीत टेबल मांडलं. आता गंमत बघा, ज्या मालाला ही कचरा म्हणते नेमका तोच माल हिचा नवरा निजामभाई हातगाडीवर विकतो. बाहेरदेशातून ढिगानं आलेले कंडेन्सर, चार्जर, अडॅप्टर. कशावर नाव नाय, असलं तर वाचता येत नाय. दोघं एका ताटात जेवतात, पण त्याचा माल तिच्या टेबलावर कधी चढला नाय. तो म्हणायचा, "लोक नावाचे पैसे घेतात सगीरा, आत सगळं सारखंच असतं." ही म्हणायची, "मग तुझं तरी नाव कशाला ठेवलं? नुसतं 'ए' म्हणून हाक मारली असती!"

एखादा गरीब माणूस स्वतःच बिननावाचा कंडेन्सर घेऊन आला, तर ती मीटर लावून लावून त्याचा जीव काढायची. कंपनीचा मात्र खोक्यातून काढला की थेट बसवला. मी एकदा विचारलं होतं, याला का नाय लावत मीटर? तर माझ्यावरच डाफरली, "इज्जतदार पाहुणा घरात आला तर त्याची झडती घेतेस का गं केसर?"

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई आवडाबाई. जन्मभर चुलीचा धूर खाल्ला, आता फुप्फुसांनी हात टेकलेत. उशाशी ऑक्सिजनचं मशीन सारखं घरघरत असतं, नाकात नळी. मशीन चालू तोवर आत्याबाई चालू. घरात कुणी हे तोंडानं बोलत नाय, पण रात्री मशीनचा आवाज जरा बदलला तरी सगळे उठून बसतो.

त्या दिवशी भर दुपारी लाइट गेली, आली, परत गेली. शेवटी आली ती असा झटका देत, की मशीन हूं करून थांबलं आणि शिट्टी मारायला लागलं. धावत जाऊन ऑक्सिजनची छोटी टाकी जोडली, तर तिचा काटा निम्म्याच्याही खाली. आमचे मालक, आत्याबाईंचे लेक काकासाहेब, दुसरी टाकी आणायला गाडी काढून पळाले. मशीनच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, उद्या येतो. उद्या! ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, गाडी बाहेर गेलीय, आली की पाठवतो. मी अनवाणीच भाभीच्या दारात गेले आणि तिला हत्यारांच्या पिशवीसकट घेऊन आले.

भाभीनं झाकण उघडलं, मोटार हातानं फिरवून पाहिली. "मोटार चांगली आहे. कंडेन्सर गेला. रडू नको, आत्ता बसवते." पिशवीतून तिनं नवंकोरं खोकं काढलं. क्रांती चौकातल्या मोठ्या दुकानातला कंडेन्सर, त्याच्यावर कंपनीचं नाव नुसतं चमकत होतं. तिनं बसवला, बटन दाबलं, मशीन घरघरायला लागलं. मी देवाला हात जोडले आणि टाकी बंद करून नळी मशीनला लावली.

जरा वेळ बरं चाललं. मग करपल्याचा वास आला. भाभी झेपावली, तोवर फट् झालं आणि परत ती मेली शिट्टी!

मी नळी परत टाकीला लावून ती उघडली. आत्याबाईंच्या बोटावरच्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रातला आकडा उतरायला लागला होता, त्यांचे डोळे माझ्यावर. भाभीनं तो कंडेन्सर बाहेर काढला. फुगला होता. वरचं चकचकीत कागदी नाव उष्णतेनं सुटलं होतं, त्याच्याखाली खरडून पुसलेलं दुसरंच काहीतरी. तिनं नखानं तो कागद पुरता सोलून काढला.

"दुसरा आहे का?" मी ओरडलेच.

"आहे. त्याच दुकानातला," ती म्हणाली आणि तो पिशवीतच राहू दिला. मग नवऱ्याला फोन लावला. "जेवढे असतील तेवढे घेऊन ये. पळत ये."

निजामभाई घामाघूम होऊन आले, दोन्ही मुठींत बिननावाचे कंडेन्सर. आत्याबाईंकडं पाहिलं आणि तिथंच दारात थबकले. "सगीरा," म्हणाले, "हे नको लावू. याचा भरोसा नाय."

"काय म्हणालास?"

"पंख्याला ठीक आहे. पंखा बंद पडला तर माणूस घामेजतं. इथं..."

"सगळं सारखंच असतं ना रे आत? मग आता का पाय मागं?" भाभीनं त्यांच्या मुठीच ओढून उघडल्या. खाली बसून एकेकाला मीटर लावला. पहिला फेकला. दुसरा फेकला. निजामभाई मान खाली घालून उभे. टाकीचा काटा तळाला टेकत आला होता आणि मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या देत होते, खोटं कशाला बोलू. भाभी मीटर लावत गेली, फेकत गेली. मग एकावर थांबली. परत लावून पाहिला. तिसऱ्यांदा लावला.

"हा खरा आहे," ती म्हणाली आणि बसवला.

मशीन सुरू झालं. मी नळी परत मशीनला लावली. भाभी दर थोड्या वेळानं बटन बंद करायची, बोट लावून कंडेन्सर तापला का बघायची, परत चालू करायची. आत्याबाईंच्या बोटावरचा आकडा आधी अडला, मग हळूहळू चढायला लागला. काकासाहेब टाकी खांद्यावर घेऊन आले तेव्हा आम्ही तिघंही मशीनभोवती जमिनीवर बसलो होतो. आत्याबाईंचा डोळा लागला होता.

निजामभाई उठले आणि खाली पडलेले कंडेन्सर गोळा करून सवयीनं खिशात घालायला लागले. भाभीनं नुसतं बघितलं. त्यांचा हात थांबला. दारात गेले, सगळे कंडेन्सर उंबऱ्यापुढच्या फरशीवर ओतले, दगड घेतला आणि एकेक ठेचायला लागले. भाभी मागोमाग गेली. फुगलेला तो आणि पिशवीतला नवाकोरा, दोन्ही त्यांच्यापुढं टाकले. "हेपण," म्हणाली.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण मेला ठोकतोय गं दारात? निजू द्या की जरा माणसाला!"

अख्खं वाक्य, मधे कुठं दम न लागता. सगीराभाभी मटकन उंबऱ्यावर बसली आणि ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली.