आजीचं गोंदण आणि फोटोवाल्याचा कॅमेरा

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून राह्यली.

पेन्शनच्या कामासाठी फोटो काढायले आज एटापल्लीहून एक फोटोवाला आमच्या गावात आला. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीनं तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकणं चालूच.

माह्या आजीचा नंबर लागला, अन् कॅमेरा फोकसच नाई करे. नुसता घर्रघर्र वाजे, बटन दाबलं तरी फोटो निघे नाई. त्यानं बॅटरी काढून पाहिली, कार्ड काढून पाहिलं. मंग आजीवरच खेकसला, "ए बाई, तोंड धुऊन ये! हे काळं काळं काय लावलं? त्याच्यानंच फोकस नाई होऊन राह्यला."

ते काळं म्हणजे आजीचं गोंदण. कपाळावर, गालावर, लहानपणापासूनचं.

आजी म्हणाली, "बाबू, हे धुतलं तरी नाई जात. मेल्यावर हेच तर संगं येते."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा हिसकून पाहिला, तर लेन्सवर खर्र्याच्या बोटांचे चिकट डाग! ओढणीनं पुसले, अन् खट्कन फोटो निघाला.

तर हा म्हणते कसा, "पाहा, आता चेहरा साफ आला."

तुम्ही काय म्हटलं असतं? मी म्हटलं, "चेहरा साफच होता, भाऊ. तू हात धुऊन ये."