नेंगाह न्येपीला घरी राहिला

नेंगाह सुवेचाला आमच्या पेगुयांगान गावात सगळे 'अंधाऱ्या' म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं. लोक देनपसार शहराच्या बाजारात चांगले दिवे कुठे मिळतात ते विचारत फिरतात. हा चांगला अंधार कुठे मिळतो ते विचारत फिरायचा. बेटाच्या उत्तरेकडून कुणी पाहुणा आला की त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि चौकशी करायचा, "तुमच्या गावात रस्त्यावर खांब किती? शाळेच्या मैदानात दिवे रात्रभर चालू असतात का हो?" पाहुण्याला वाटायचं माणूस वीज खात्यातला आहे.

तो होता एका शाळेत, प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला आणि मास्तरांना सामान मांडून द्यायला. तिथेच कधीतरी एका जुन्या पुस्तकात त्याने दुर्बीण करायची कृती वाचली आणि माणूस कामातून गेला. बेनोआच्या बंदरातून भंगारातल्या जहाजाच्या खिडकीची जाड काच आणली आणि वर्षभर घासून घासून तिचा आरसा केला. लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं, पण मुलगी बघायला जायचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला, आणि हा गडी मुलगी सोडून किंतामानीच्या डोंगरावर जाऊन बसला. मुलीकडच्यांनी काय ते समजून घेतलं.

अमावास्येला आमच्याकडे घरोघर पूजा असते. नेंगाह पूजेला बसायचा, नाही असं नाही. पण हात जोडलेले आणि लक्ष ढगांकडे. पुजारी पाणी शिंपडून होतोय न होतोय तोच हा कपाळावर चिकटवलेले ओले तांदूळ तसेच ठेवून गाडीला किक मारायचा. दुर्बिणीची नळी मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधलेली, आरसा गोधडीत गुंडाळून पोटाशी. पहिल्यांदा तो किंतामानीपर्यंतच जायचा. मग तिथे कड्यावर हॉटेलं झाली, तेव्हा तो खाली पिंगान गावात जाऊ लागला. पिंगानला सूर्योदयाचे फोटो काढणारी पोरं आली आणि त्यांच्यामागून कॉफीवाले आले, रंगीत माळा लावून. मग तो पलीकडच्या कोरड्या अंगाला कुबूकडे वळला. तिथेही कुणीतरी बंगले बांधले. एका वर्षी तर दोन समुद्र ओलांडून, लोंबोक बेट मागे टाकून, पार सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीच्या पायथ्याशी गेला. जाऊन पाहतो तर ढग. तीन रात्री चटईवर बसून ढग बघितले आणि परत आला. उजेड त्याच्या मागे हात धुऊन लागला होता, दुसरं काय म्हणायचं?

आधी चार-पाच जण असत बरोबर. एकाने संगणकाला जोडलेली दुर्बीण घेतली आणि तो घरात बसून पडद्यावर आकाश बघू लागला. एक वारला. शेवटचा सोबती सुदार्मो, रेडिओ दुरुस्त करायचा, तो लेकीकडे मलांगला राहायला गेला. तेव्हापासून नेंगाह एकटाच. डोंगराच्या कडेला बसून शनीची कडी दिसली की त्याच्या तोंडून निघून जायचं, "अरे, बघ, बघ!" आणि मागे वळावं तर गाडी उभी. ही गोष्ट तो स्वतःच चहाच्या टपरीवर हसत सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "घरच्या एकाही माणसाने आजवर माझ्या दुर्बिणीला डोळा लावला नाही. एकाने तरी लावावा. मी का जातो ते एकाला तरी कळावं." हे मात्र तो हसून सांगत नसे. आम्ही म्हणायचो, मग अंगणात लाव की दुर्बीण. त्यावर तो असा चेहरा करायचा जसं काही आम्ही त्याला शिळा भात वाढला. "इथून? इथून काय दिसणार, डोंबल?"

घरचे म्हणजे थोरला भाऊ गेडे विराता आणि वहिनी रस्मिनी. एकाच आवारात दोघा भावांची घरं. गेडेचं दारातच मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज. अमावास्या जवळ आली की तो न सांगता नेंगाहची गाडी आत ओढून घ्यायचा. चेन घट्ट करायचा, ब्रेक बघायचा, हवा भरायचा आणि तोंडाचा पट्टा चालू. "आकाश काय पळून चाललंय का? या वयात डोंगरात पडलास तर उचलायला मलाच यावं लागेल." नेंगाह गप्प उभा राहायचा. गाडी तयार झाली की निघायचा.

न्येपीला तर तो हटकून नसायचाच. न्येपी म्हणजे आमचा वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी सगळं बेट गप्प. दिवा नाही, चूल नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. येते अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी. अंधार शोधणाऱ्या माणसाला याहून मोठा सण कोणता? नेंगाह आदल्या दुपारीच पिंगानला पोचायचा आणि तिथल्या एका ओळखीच्या घरात स्वतःला कोंडून घ्यायचा, रात्री त्यांच्याच अंगणात दुर्बीण लावायला. त्याचं म्हणणं, वर हवा विरळ, तारे आणखी टोकदार दिसतात. म्हातारपण आलं तरी त्याने आपल्या घरची न्येपी पाहिली नव्हती.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेडेला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, गॅरेजला कुलूप लागलं. मुलगा परदेशी जहाजावर स्वयंपाकी, मुलगी उत्तरेला सिंगाराजा गावात दिलेली. न्येपी आठवड्यावर आली तेव्हा रस्मिनीने नेंगाहला सरळच विचारलं.

"यंदा जाणार आहेस?"

"खोली सांगून ठेवलीय, म्बोक." म्बोक म्हणजे मोठी बहीण, वहिनीलाही तेच म्हणतात.

"रोज पलीकडचा कादेक येतो ह्याला उचलायला. न्येपीला कोण येणार? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही कुणी. मी एकटी कूस बदलायला जाते तर हा माझ्याच अंगावर पडतो."

"मुलीला बोलवून घे ना."

"तिला दिवस गेलेत. तू आहेस ना घरचा? की तू पण पाहुणाच?"

नेंगाहने पिंगानला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. पण वाटलं ते वाटलंच. वर्षातली सगळ्यांत चांगली रात्र हातची गेली असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

आदल्या रात्री गावभर राक्षसांच्या मिरवणुका निघाल्या, पोरांनी डबे बडवले, कादेकच्या कुत्र्याने रात्रभर आकांत केला. आणि सकाळी सहाला सगळं थांबलं. गेडेला पुसणं, पाजणं, कूस बदलणं, यातच दिवस गेला. आदल्या दिवशीचा गार भात आणि मिरचीची चटणी तिघांनी खाल्ली. गेडेच्या हनुवटीवर सांडलेलं नेंगाहने पुसलं. भावाच्या तोंडाला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ असावी. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

संध्याकाळी चंद्राची कोर बुडाली आणि नेंगाह सहज म्हणून अंगणात आला. वर पाहिलं आणि जागच्या जागी थबकला. मृग नक्षत्र डोक्यावरून कललेलं, दक्षिणेला अगस्ती, आणि त्यांच्यामधून आकाशगंगा अशी वाहत होती की चाफ्याच्या फांद्या तिच्यावर काळ्या उमटल्या होत्या. पेगुयांगानात! देनपसारच्या उंबरठ्यावर! पिंगानहून काडीचंही कमी नव्हतं. ज्याच्यासाठी तो पूल, घाट, समुद्र ओलांडत गेला ते त्याच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर उतरलं होतं. त्याने धावत जाऊन दुर्बीण आणली आणि घाईघाईत स्क्रू लागेनात.

पण एक दिवा होता. गेडेच्या खोलीत. आजारी माणसाच्या घरात लावायची गावकीने परवानगी दिलेली होती, खिडकीवर चटई बांधून. चटईच्या फटींतून पिवळ्या रेघा थेट अंगणात येत होत्या. नेंगाहला त्या डोळ्यांत टोचल्या. मनात आलं, घटकाभर विझवा म्हणावं. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि त्याने दुर्बीण उचलून धान्याच्या कोठीमागे नेली.

तिथे तो लाल विजेरी लावून नकाशा बघतोय तेवढ्यात फाटकाबाहेरून दबका आवाज आला. गावचे राखणदार रात्रभर फिरत असतात, चौकड्यांचं लुंगीवजा वस्त्र गुंडाळून.

"अंधाऱ्या, सिगरेट ओढतोस का रे?"

"नाही. विजेरी आहे. लाल."

"लाल असो की हिरवी, विझव. आज सगळ्या बेटात उजेड लावणारा तूच एक सापडावास? लोकांना सांगितलं तर खोटं वाटेल." आणि हसू दाबत पावलं पुढे गेली.

नेंगाहने विजेरी विझवली. मागे वळतो तो गेडेच्या खोलीतला दिवाही गेलेला. तो धावला. दारातच रस्मिनी उभी.

"काय झालं?"

"काही नाही. हाच म्हणतोय, दिवा बंद कर, मला बाहेर ने. सकाळपासून मागे लागलाय. दर न्येपीला तो रात्री अंगणातच पडतो ना, वर बघत."

"गेडे ब्ली? वर बघत?" ब्ली म्हणजे थोरला भाऊ.

"मग कोण, मी? मला डास चावतात."

"मला कधी बोललात नाहीत."

"तू होतास कुठे बोलायला?"

दोघांनी मिळून गादीसकट गेडेला ओढत ओढत अंगणात आणलं. नेंगाहला आत कुठेतरी आनंदाची उकळी फुटली होती. घरचा माणूस! शेवटी घरचा माणूस! त्याने दुर्बीण पुन्हा अंगणात आणली, मृगातला तेजोमेघ लावला, आणि भावाच्या पाठीखाली हात घालून त्याला उठवू लागला. "ब्ली, बघ. फक्त डोळा लाव इथे. ढगासारखं दिसेल, निळसर." पण गेडेची मान एका बाजूला कलंडायची. काच नाकाला लागली, कपाळाला लागली. नेंगाहने नळी खाली केली, तिच्या पायांखाली विटा लावल्या, उशा रचल्या, आणि शेवटी डावा डोळा काचेवर आला तेव्हा भावाला धाप लागली होती.

"दिसलं?"

गेडेने डोळे मिटून घेतले. "राहू दे," एवढंच म्हणाला. त्याचे शब्द ओले आणि जड येत, पण घरच्यांना कळत.

नेंगाहने त्याला हळूच खाली निजवलं. इतक्या वर्षांनी आलेली वेळ अशी हातातून निसटली म्हणून त्याला रडू येत होतं. मग तोही जमिनीवर, भावाच्या शेजारी आडवा झाला. दुर्बीण तशीच रिकामी वर बघत उभी राहिली.

मग गेडेने डावा हात वर केला. "तिकडे... असंच?"

"असंच. थोडं थंड असतं. पण असंच."

"मग बरं," गेडे म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "मला वाटायचं... घरात काही कमी केलं आम्ही तुला."

नेंगाह ताडकन उठून बसला. "असलं काही नाही, ब्ली! तुला कुणी सांगितलं असलं? मी रडत होतो तिकडे, घरचं कुणी येत नाही म्हणून. सगळ्या गावाला विचार. तुमच्यापैकी एक जण कधी आला नाही माझ्याबरोबर!"

गेडेच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हलली. हसला असावा.

"तू कधी चल म्हणालास?"

नेंगाह आठवू लागला. गॅरेजात वाकलेला भाऊ, तेलकट हात, गाडीखालून येणारा आवाज. कितीतरी अमावास्या. एखादी तरी सापडेल म्हणून तो मागे मागे जात राहिला.

"जागा कुठे होती गाडीवर," तो कसाबसा म्हणाला. "मागे दुर्बीण असायची."

"गॅरेजवाल्याकडे... गाडी नसते होय रे?" गेडे म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नेहमीसारखी थट्टाच होती. त्यामुळेच नेंगाहला ते सोसेना. थोड्या वेळाने गेडेने विचारलं, "पिंगानचा रस्ता... झाला का चांगला?" नेंगाहने सांगितलं, झालाय, वरपर्यंत डांबर पडलंय, फक्त शेवटच्या वळणाला खडी आहे. गेडेने ते ऐकून समाधानाने हुंकार दिला.

मग तो झोपला. रस्मिनी पांघरूण टाकून ओट्यावर टेकली. कुत्रीसुद्धा गप्प होती. आग्नेयेला त्रिशंकू वर चढत होता आणि त्याच्या खाली तारकांचा तो दाट पुंजका, ज्यासाठी लोक देश ओलांडून येतात, कादेकच्या छपरावर सरळ दिसत होता. दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांना. नेंगाहला तो दाखवावासा वाटला. त्याने भावाच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"ब्ली," तो अगदी हळू म्हणाला. "चल ना माझ्याबरोबर. पुढच्या अमावास्येला. येतोस?"

ओट्यावरून रस्मिनी म्हणाली, "झोपलाय तो. राहू दे आता."