बिननावाच्या माशीचे सर

नांदेडच्या घरी सकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा लातूरहून शांतावहिनींचा फोन आला. "ताई, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. स्वतःच्या नवऱ्याला त्या आयुष्यभर सरच म्हणत आल्या. मी कसं झालं, कधी झालं असं काहीबाही विचारलं, त्यांनी सांगितलंही, पण माझ्या मनात भलतंच आलं आणि त्याची मला लाज वाटली... आता त्या माशीला कोण ओळखणार? गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला जाता आलं नाही. महिन्याभरानं गेले.

माणिक सर आणि मी लातूरच्या एकाच कॉलेजात शिकवत होतो. ते प्राणिशास्त्र, मी वनस्पतिशास्त्र. सर मूळचे जळकोटकडचे, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. वर्गात पुस्तकी मराठी बोलायला गेले की पोरं हसायची, म्हणून त्यांनी तो नाद सोडून दिला होता. एका हिवाळ्यात ते माझ्या प्रयोगशाळेत आले. हातात करडईची फुलं आणि बोटं काट्यांनी ओरबाडलेली. "मॅडम, ह्याचे परागकण जरा भिंगाखाली दाखवा. एक माशी लई दिवसांपासून बघायलो, ती करडई सोडून कुठंच बसंना." काडेपेटीत कापसावर ती माशी होती. नेहमीच्या मधमाशीपेक्षा लहान, पोटावर राखाडी पट्टे, मागच्या पायांवर लोकरीसारखे दाट केस आणि त्यांत करडईचा पिवळा पराग. ना पोळं, ना राणी, ना मध. ही एकांडी माशी. प्रत्येक मादी जमिनीत स्वतःचं बीळ खणते, त्यात परागाचा लाडू करून ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड बुजवते आणि मरून जाते. पिल्लू आईला कधी बघतच नाही. औशाच्या रस्त्याला एक जुनं खळं होतं. पिढ्यान्‌पिढ्या बैलांनी तुडवून कडक झालेल्या त्याच्या काठाला सरांना ही बिळं सापडली होती.

सरांनी सगळी पुस्तकं पालथी घातली आणि त्यांची खात्री झाली की ही जात अजून कुणी नोंदवलेली नाही. मोठ्या शहरातल्या एका जाणकारांकडे त्यांनी माद्या पाठवल्या. माद्या परत आल्या आणि सोबत उत्तर आलं की माशी नवी वाटते, पण जवळच्या एका जातीची मादी अशीच दिसते, तेव्हा नर मिळाल्याशिवाय नाव देता येणार नाही. झालं, तेव्हापासून सर नराच्या मागे लागले. स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, "काय सर, नवरदेव सापडला का?" सर हसायचे. नाव काय देणार म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "आधी नवरदेव तर येऊ द्या मॅडम. बिगर लग्नाचं बारसं कसं करावं?" माद्या बिळात झोपतात, नराला घर नसतं. संध्याकाळी तो एखादं वाळलेलं काटुक जबड्यात धरतो, पाय पोटाशी घेतो आणि तसाच लोंबकळत झोपतो. हे मला सरांनीच सांगितलं. कॉलेज सुटलं की ते लुनावरून खळ्याकडे जायचे आणि दिसेनासं होईपर्यंत करडईचं एकेक वाळकं ताट वाकून बघायचे. पहिला हिवाळा हाती काही लागलं नाही. पुढच्या वर्षी सापडेल, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. करडई पेरलीच गेली नाही. गल्लीत टँकर आला की माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. बिळातून एकही माशी बाहेर आली नाही. मला वाटलं, संपल्या. सर म्हणाले, "न्हाई मॅडम. फुलं नसली की ह्या बाहीर येत न्हाईत. जमिनीतच थांबतात. एक साल, कधी दोन साल. झोपल्यात त्या." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मलाही बरं वाटलं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. एकेका कागदासाठी उस्मानाबादच्या एसटीत उभं राहणं संपलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. कॉलेजात पेढे वाटले ते सरांनीच. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागणार, आणि त्यातल्या एकीसाठी ते खळं गेलं. त्याच कचेरीत सरांच्या धाकट्या भावाला शिपायाची नोकरी लागणार होती. घरातली ती दुसरीच सरकारी नोकरी. मुरमाचे ट्रक आले त्या दिवशी सरांनी मला सोबत नेलं. मुकादमाला ते हात जोडून म्हणाले, "मालक, ह्या कडंचा तुकडा येवढा एक हिवाळा सोडा. खाली माशा हायत."

मुकादम भला माणूस होता. त्यानं नीट ऐकून घेतलं. "मध देतात का?"

"न्हाई."

"चावतात?"

"तशा न्हाई."

"मग सर, माझ्या मागं का लागलाव? दुष्काळात कसंतरी काम निघालंय. ह्या बाया बघा, कुठून कुठून आल्यात."

बाया डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून सरांनी जोडलेले हात खाली घेतले. कुणावर चिडावं हेच कळत नव्हतं. आधी मुरूम पडला, मग खडी, मग सिमेंट. वर्षभरानं पाऊस चांगला झाला, रानोमाळ करडई फुलली, तेव्हा सर मला त्या कचेरीच्या आवारात घेऊन गेले. फरशीवर सायकली लावल्या होत्या. "आता जाग्या झाल्या असतील, मॅडम," ते हळूच म्हणाले. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि परत आलो.

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात सर फिरले. देवणी, नायगाव, जिथे कुणी जुनं खळं सांगेल तिथे. पण मळणीयंत्रं आली आणि खळीच गेली. ती माशी पुन्हा त्यांना दिसली नाही. मग त्यांनी अंगणात डालडाच्या डब्यात वाळलेल्या करडईची काटेरी ताटं उभी करायला सुरुवात केली... आलाच कधी तर झोपायला जागा असावी म्हणून. वहिनींची लुगडी त्यात अडकून फाटायची आणि त्या रोज बोलायच्या. डबा तिथून हलला नाही.

मी गेले तेव्हा वहिनींनी आधी सरांनी माद्या टोचून ठेवलेली लाकडी पेटी काढली. सरांच्या शेवटच्या आजारपणात तिच्याकडे बघायला कुणाला वेळ झाला नव्हता. झाकण उघडलं तर माद्यांना कीड लागलेली. टाचण्या तेवढ्या उभ्या आणि खाली भुकटी. मला रडू आलं. वहिनींनी पेटी बंद केली आणि चहा ठेवला.

दिवस कलल्यावर त्यांनी मला अंगणातून हाक मारली. डब्यात यंदाची नवी ताटं होती. सर गेल्यावर वहिनींनी ती स्वतः आणून लावली होती. एका ताटाच्या टोकाला जबड्यानं धरून एक लहानशी माशी लोंबकळत होती. पाय पोटाशी घेतलेले.

"ताई, बघा बरं. नवरदेव हाय का?"

मी सरांचं भिंग घेऊन वाकले. राखाडी पट्टे दिसले, केस दिसले. पण असे झोपणारे नर कितीतरी जातींचे असतात, हेही सरांनीच सांगितलं होतं. कुठलंही गवत दाखवा, मी नाव सांगेन. ही माशी मला सांगता येईना. वहिनी आतून सरांची रुंद तोंडाची बाटली घेऊन आल्या. "ह्यात घ्या. सर असंच करायचे." मी बाटली हातात घेतली. पकडून कुणाला दाखवायचं? ते जाणकार कधीच गेले, ताडून बघायला एक मादी उरली नाही.

"वहिनी, मला नाही हो ओळखू येत."

त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि तिला झाकण लावलं.

"मग राहू द्या. झोपलंय ते."

अंधार पडून ताट दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो.